रबर आधी, रंग नंतर

दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरांतून जाणारा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू जुन्या गाड्यांनी तुडुंब भरतो. 1995 साली एका उपनगरातल्या फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे उभे करायचे म्हणून सुरू झालेली ही ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ आता जुन्या मोटारींची केवढी तरी मोठी जत्रा झाली आहे. याच रस्त्यावर 1960च्या दशकात पोरं रात्री एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यती लावायची. त्याच जातीच्या गाड्या आज चकचकीत होऊन तिथे उभ्या असतात. मालक बॉनेट उघडून ठेवतात, बघे इंजिनात डोकं घालतात, कार्ब्युरेटर कुठला आणि कॅमशाफ्ट कुठला याच्या गप्पा रंगतात. दाराच्या कडेने फिरणाऱ्या काळ्या रबराकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

गाडी किती वर्षं टिकणार हे मात्र बरंचसं त्या रबरावर ठरतं. इंजिन बिघडलं तर उघडून दुरुस्त होतं, नाहीच झालं तर दुसरं बसवता येतं. पत्रा आतून कुजला की खेळ खलास. अमेरिकेतल्या जुन्या गाड्या शर्यतीत जितक्या मेल्या त्याहून कितीतरी जास्त अंगणात उभ्या राहून मेल्या. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी फटींतून आत गेलं, गालिच्याखाली साठलं आणि तळाचा पत्रा खाऊन गेलं. म्हणून जुनी मसल कार नव्याने उभी करणाऱ्याला माझं सांगणं असं, की रबराची खरेदी सगळं झाल्यावर उरलेल्या पैशांत करू नका. ती रंगाच्या आधी करा, आणि इंजिनाइतक्याच चिकित्सेने करा.

मसल कारची कुळकथा थोडक्यात. मध्यम आकाराच्या दोन दारी गाडीत थोरल्या गाडीचं व्ही-8 इंजिन, ही ती कल्पना. 1964ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही बहुतेकांच्या मते पहिली. मध्यम गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सच्या वरिष्ठांचा दंडक होता. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 389 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचं इंजिन ‘टेम्पेस्ट’ गाडीवरचं ऐच्छिक पॅकेज म्हणून विकायला काढलं. दंडक नव्या गाडीला होता, पॅकेजला नव्हता! पहिल्याच वर्षी 32,450 गाड्या खपल्या आणि वरिष्ठ गप्प बसले. पुढची सहा-सात वर्षं सगळ्याच कंपन्या या चढाओढीत उतरल्या. मग विम्याचे हप्ते कडाडले, 1970चा स्वच्छ हवेचा कायदा आला, आणि 1973च्या तेलटंचाईने उरलंसुरलं आटोपलं.

पुढच्या सगळ्या विवेचनासाठी मी 1967 ते 1969 या काळातली शेव्हरोले कॅमारो घेतो. चोखंदळ मंडळी तिला मसल कार न म्हणता ‘पोनी कार’ म्हणतात. पण 396 घनइंचांचं इंजिन घातलेल्या कॅमारोसमोर उभं राहून हा वाद घालण्यात राम नाही. या तीन वर्षांत मिळून जवळजवळ 7 लाख कॅमारो बाहेर पडल्या. त्यातल्या पुष्कळ टिकल्या, त्यामुळे त्यांच्या सुट्या भागांचा बाजार प्रचंड आहे. इतका, की 1969च्या कॅमारोची अख्खी बॉडी आज नवी कोरी विकत मिळते. डायनाकॉर्न नावाची कंपनी ती बनवते. रबराचे तर ढिगाने पर्याय आहेत, आणि नवखा माणूस नेमका तिथेच फसतो.

या गाडीचं दार आधी नीट बघायला हवं. आपल्या रोजच्या गाडीत खिडकीच्या काचेभोवती दाराचीच धातूची चौकट असते. ती चौकट रबरावर दाबली जाते आणि फट बुजते. कॅमारोला अशी चौकट नाही. काच दारातून वर येते ती उघडीबोडकी. दाराची काच आणि मागची छोटी काच यांच्यामध्ये खांबही नाही. दोन्ही काचा खाली केल्या की पुढपासून मागपर्यंत सगळं मोकळं, आणि गाडी देखणी दिसते ती त्यामुळेच. पण या देखणेपणाची किंमत रबर भरतं. काचेची वरची कड छताच्या कडेला बसवलेल्या रबरात जाऊन टेकली पाहिजे, मागची कड दुसऱ्या काचेच्या उभ्या रबराला भिडली पाहिजे, आणि हे दार प्रत्येक वेळी आपटल्यानंतर त्याच जागी झालं पाहिजे. त्यात आणखी एक गोष्ट. गाडी वेगात असली की बाजूने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि काच बाहेर ओढली जाते. ताशी 100 किलोमीटरला ही ओढ साधारण 10 किलो वजनाइतकी तरी असते. काच जरा बाहेर सरकली तरी रबराने फुगून तिची पाठ धरायला हवी. म्हणून ते नुसतं मऊ असून भागत नाही, दाब सुटल्यावर परत फुगणारं हवं.

रबराचा हा गुण हळूहळू कसा जातो, ते घरातल्या प्रेशर कुकरच्या रिंगवरून समजेल. रिंग तुटलेली नसते, पण वर्षभराने ती चपटी आणि ताठ होते, आणि शिट्टीऐवजी कडेने वाफ सुटायला लागते. रबर दाबून ठेवल्यावर त्याची उंची कायमची जेवढी घटते तेवढी त्याची फुगण्याची ताकद गेलेली असते. दाराचं स्पंजसारखं रबर साधारणपणे आपल्या उंचीच्या एक तृतीयांश दाबलं जावं अशा बेताने बसवतात. वर्षानुवर्षं दाबलं गेलेलं रबर मोकळं केल्यावरही तेवढंच चपटं राहिलं, तर ते दिसायला कितीही धड असलं तरी कामातून गेलं असं समजायचं.

दुसरा शत्रू ओझोन. नैसर्गिक रबराच्या लांबलचक रेणूंच्या कण्यातच दुहेरी बंध असतात, आणि हवेतला अत्यल्प ओझोन नेमका त्या बंधांवर घाव घालतो. ताणलेल्या रबरावर ताणाला आडव्या अशा बारीक भेगा पडतात त्या यामुळे. जुन्या टायरच्या बाजूवर त्या सगळ्यांनीच पाहिलेल्या असतील. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर बाजारात आलं. इथिलीन आणि प्रॉपिलीन जोडून ते करतात. त्याला लागणारे उत्प्रेरक झीगलर आणि नाटा यांच्या कामातून आले, ज्याबद्दल दोघांना 1963चं नोबेल मिळालं. या रबराच्या कण्यात दुहेरी बंध नसतात. जे थोडे असतात ते बाजूच्या फांद्यांवर, त्यामुळे एखादा तुटला तरी साखळी शाबूत राहते. ऊन, पाऊस, ओझोन यांना ईपीडीएम पुरून उरतं. आजच्या बहुतेक सगळ्या मोटारींच्या दारांना हेच असतं, आणि जुन्या गाडीसाठी नवं रबर घेतानाही हेच मागावं. याचं वैर फक्त पेट्रोल आणि खनिज तेलाशी. तेल लागलं की ते फुगतं. दार करकरतंय म्हणून त्याच्या रबराला ग्रीस फासणारे महाभाग असतात. लावायचंच तर सिलिकॉनचं ग्रीस लावावं, तेही बोटावर पुसट.

हे रसायनशास्त्र समजलं की एक मोठा मोह आपोआप गळून पडतो. जुन्या गाड्यांच्या जगात ‘एनओएस’ या तीन अक्षरांना सोन्याचा भाव असतो. मूळ कंपनीने त्या काळी बनवलेला, कधीच न वापरलेला, खोक्यात पडून राहिलेला भाग. बंपर, दिव्याची काच, घड्याळ असल्या गोष्टींसाठी हा आग्रह रास्त आहे. रबरासाठी तो शुद्ध वेडेपणा. पन्नास वर्षं खोक्यात घडी होऊन पडलेलं रबर पन्नास वर्षं म्हातारंच झालेलं असतं. त्यातलं मऊपणा देणारं तेल उडून जातं, घडीच्या जागी ते कायमचं मोडतं, आणि आटून लांबीलाही कमी भरतं. त्या खोक्याशेजारी विजेची मोटर चालत असली तर बघायलाच नको, कारण मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो. पेनसिल्वेनियातल्या हर्शी आणि कार्लाइल या गावांत जुन्या सुट्या भागांचे अवाढव्य बाजार भरतात. तिथे असं मूळ रबर मिळतं. ते नमुना म्हणून घ्या, हवं तर काचेच्या कपाटात ठेवा. दाराला लावू नका.

मग नव्याने बनवलेलं रबर उरतं. त्याबद्दलची सार्वत्रिक तक्रार अशी, की ते बसत नाही. आता का बसत नाही ते बघू.

दाराचं रबर दोन तऱ्हांनी तयार होतं. लांब सरळ भाग साच्याच्या तोंडातून दाबून पट्टीसारखा बाहेर काढतात आणि गरम करून पक्का करतात. त्या तोंडाचा जो आकार तोच पट्टीचा छेद. कोपरे आणि टोकं मात्र वेगळ्या बंद साच्यात ओतून घडवावी लागतात, आणि पट्टीला जोडावी लागतात. कॅमारोच्या छताच्या रबराची दोन्ही टोकं अशी घडवलेली असतात, कारण तिथे छत, काच आणि खांब यांचे तीन पृष्ठभाग एकत्र येतात. सरळ पट्टी कुणीही काढेल. कसब आहे ते टोकात. स्वस्तातला उत्पादक इथे हात आखडता घेतो. साच्याचा खर्च वाचवायला तो टोक ओबडधोबड करतो, किंवा मूळ रबराचा छेद पुढून मागे जिथे हळूहळू बदलत गेलेला असतो तिथे सगळीकडे एकच छेद ठेवतो.

त्याहून खोल दोष मापातला. मूळ नकाशे आणि साचे बहुतेक ठिकाणी कधीच मोडीत गेले. नवा उत्पादक माप घेतो ते एखाद्या जुन्या गाडीवरून उतरवलेल्या रबरावरून. आणि ते रबर चपटं झालेलं, आटलेलं, ओढून लांबवलेलं असतं. चुकीचं माप इमानेइतबारे उतरवलं जातं. चांगले उत्पादक एका नमुन्यावर विसंबत नाहीत. न वापरलेला जुना नमुना मिळवतात, प्रत्यक्ष गाड्यांवर बसवून बघतात, साचा सुधारतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या डेन्व्हर गावची स्टील रबर प्रॉडक्ट्स ही कंपनी 1958पासून एवढाच उद्योग करते आहे. मिनेसोटातली मेट्रो मोल्डेड पार्ट्स हेही या क्षेत्रातलं जुनं नाव. यांचा माल महाग पडतो. खोक्यावर जनरल मोटर्सचा परवाना असल्याचं लेबल असलं तर ते चांगलं लक्षण, पण त्यावर डोळे मिटून विसंबावं असं नाही.

तिसरा दोष घनतेचा, आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी याचीच. आकार अगदी बरोबर, पण स्पंज फार भरीव. असं रबर लावलं की दार लागत नाही. लावायला आपटावं लागतं, आणि लागलं तरी मागचा खालचा कोपरा दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहतो. मालक बिजागरी वाकवायला जातो, मग वरची फट बिघडते, मग कुणीतरी काच ढिली करतो. रंगवलेल्या गाडीवर हा तमाशा सुरू झाला की त्याला अंत नसतो. घेताना रबर बोटांच्या चिमटीत दाबून बघा. हलक्या चिमटीत ते सहज बसलं पाहिजे आणि सोडल्याबरोबर उठलं पाहिजे. दाबायला जोर लागत असेल तर परत करा. पोकळ रबराला खालच्या अंगाने बारीक भोकं असतात, ती उघडी आहेत ना तेही बघा. दार लागताना आत कोंडलेली हवा तिथूनच सुटते. रंगाने किंवा गोंदाने ती बुजली तर मऊ रबरसुद्धा फुग्याइतकं ताठरतं.

दार न लागण्याचा दोष दर वेळी रबराचाच असतो असंही नाही. एक साधी कसोटी आहे. पलीकडच्या दाराची काच चार बोटं खाली करा आणि मग दार लावून बघा. अलगद लागलं, तर अडवणारी गोष्ट म्हणजे गाडीच्या आत कोंडलेली हवा. रबर निर्दोष आहे, उलट फारच छान बसलं आहे. तरीही अडत असेल तर रबर किंवा दाराची बैठक तपासायला घ्या.

मागणी नोंदवतानाची खबरदारी वेगळीच. ‘67 ते 69 कॅमारो’ असं मोघम लिहून विकलं जाणारं सगळंच तिन्ही वर्षांना चालत नाही. 1967च्या गाडीला दाराच्या पुढच्या अंगाला छोटी तिकोनी फिरती काच होती. 1968पासून ती गेली आणि आत हवा घ्यायची वेगळी सोय आली. म्हणजे 1967ला त्या तिकोनी काचेची जादा रबरं लागतात आणि दाराच्या काचेचा आकारही निराळा. उघड्या छताच्या गाडीची रबरं बंद छताच्या गाडीला मुळीच चालत नाहीत. आपली गाडी मुळात कोणती होती हे विक्रेत्याच्या किंवा आधीच्या मालकाच्या तोंडून ऐकू नका, गाडीच्या ओळख क्रमांकावरून वाचा. 1968पासून तो डॅशबोर्डवर, पुढच्या काचेतून दिसेल असा असतो. 1969च्या क्रमांकाची सुरुवात 124379 अशी असेल तर 1 म्हणजे शेव्हरोले, 24 म्हणजे व्ही-8 इंजिनाची कॅमारो, 37 म्हणजे बंद छताची दोन दारी, 9 म्हणजे 1969. 37च्या जागी 67 असेल तर उघड्या छताची. पुढचं अक्षर एन असेल तर गाडी ओहायोतल्या नॉरवूडला बांधली, एल असेल तर कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइजला. हे अक्षर रबराला लागत नाही, पण गंजाचा अंदाज बांधायला कधी कधी उपयोगी पडतं. कॅलिफोर्नियातच जन्मून तिथेच राहिलेली गाडी मिशिगनच्या मीठ टाकलेल्या रस्त्यांवर हिवाळे काढलेल्या गाडीपेक्षा पत्र्याने धड असायची शक्यता जास्त.

सगळी रबरं एकाच ठिकाणाहून घ्यावीत की वेगवेगळ्या? पूर्ण संच घेणं सोपं आणि स्वस्त पडतं. माझं मत, की डिकीचं रबर, बॉनेटखालची पट्टी, दिव्यांची गॅस्केटं, टेकू देणारी बटणं हे सगळं संचातलं खुशाल घ्यावं. तिथे मिलिमीटरभर इकडेतिकडे चालतं. छताचं रबर, दाराचं रबर आणि दोन काचांमधलं उभं रबर ही तीन मात्र मिळेल त्यातली उत्तम, आणि शक्यतो तिन्ही एकाच उत्पादकाची घ्यावीत. ही तीन रबरं एका कोपऱ्यात एकमेकांना भिडतात. दोघांनी दोन मापांनी काढलेली टोकं तिथे जुळत नाहीत, आणि पाणी बरोबर त्याच कोपऱ्यातून आतल्या माणसाच्या खांद्यावर ठिबकतं.

आता बसवणं. गॅरेजमध्ये सहसा क्रम असा असतो: पत्राकाम, लांबी भरणं, घासणं, रंग, मग आतली सजावट, आणि शेवटी रबर. हा क्रमच चुकतो. दारांच्या फटी जुळवताना दारामागे रबर नसेल तर त्या फटींना काही अर्थ नाही, कारण रबर आल्यावर ते दाराला बाहेर रेटणारच. म्हणून कच्च्या पत्र्यावर, रंगाच्या आधी, सगळी रबरं गोंद न लावता नुसती अडकवून बघायची. त्याच्याही आधी बिजागऱ्या. कॅमारोचं दार लांब आणि जड आहे. बिजागरीच्या पिना आणि त्यांच्या पितळी बुशा इतक्या वर्षांत झिजलेल्या असतातच. दार अर्धं उघडून मागच्या टोकाला धरून वर उचला. ते हलत असेल, टक्क असा आवाज येत असेल, तर पिना-बुशा बदलल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. नवा मागचा पत्रा वेल्डिंग करून बसवला असेल तर रबर ज्या कडेवर चढतं ती कड मूळ जागी आहे का तेही इथेच कळतं. या टप्प्यावर चूक सापडली तर हातोडीने भागतं. रंगानंतर सापडली तर रंगाचे हजारो डॉलर पाण्यात.

रंग पूर्ण वाळल्यावर मग पक्कं बसवणं. जुना गोंद कणाकणाने काढायचा. रबर घडी होऊन आलं असेल तर उन्हात पसरून ठेवायचं, म्हणजे मोड जातो. घडवलेल्या टोकापासून, म्हणजे जिथे पिना आणि भोकं आहेत तिथून सुरुवात करायची आणि मधल्या भागाकडे यायचं. आणि कधीही ओढायचं नाही. पट्टी ओढून बसवली की त्या दिवशी ती झकास दिसते. महिन्या-दोन महिन्यांत रबर आपल्या मूळ लांबीवर परत येतं आणि कोपऱ्यात बोटभर फट पडते. उलट किंचित कोंबत, जास्तीचं मधे मुरवत न्यावं. गोंद बेताचा, 3एमचा पिवळा गोंद प्रसिद्ध आहे आणि चिवटही, पण काळ्या रबराशेजारी सांडलेला पिवळा थेंब जन्मभर दिसतो, तेव्हा त्यांचाच काळा घ्यावा.

रबर बसल्यावर काच जुळवायची, आधी नाही. दाराच्या आत काचेच्या रुळांना सरकवायचे बोल्ट असतात; काच आत-बाहेर कलते, पुढे-मागे सरकते, वर किती यावी तेही ठरवता येतं. आधी मागची छोटी काच, मग दाराची. हे काम किचकट आहे आणि घाईने होत नाही. तपासायला कागदाची पट्टी पुरते. अमेरिकेत लोक डॉलरची नोट वापरतात. नोट रबरावर ठेवून दार लावा आणि ओढा. घट्ट पण सुटेल अशी यायला हवी. सहज निसटली तर तिथे फट आहे, फाटायला लागली तर दाब जास्त. दर वीतभर अंतरावर हे करत सगळी कड फिरा. थोडं घट्ट वाटलं तर घाबरू नका. गाडी दारं लावून दोन-तीन आठवडे उभी ठेवली की नवं रबर आपली जागा करून घेतं.

मग पाणी. नळी घेऊन थेट छतावर धार सोडली तर सगळं एकदम गळतं आणि कळत काहीच नाही. खालून सुरुवात करावी, बारीक धारेने, एक माणूस आत टॉर्च घेऊन बसलेला. खालचा भाग कोरडा ठरला की एक वीत वर. आणि आत पाणी दिसलं म्हणजे रबरच दोषी, असं लगेच ठरवू नये. दाराच्या काचेची बाहेरची फट कधीच पूर्ण जलरोधक नसते. काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच, आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच मूळ रचना आहे. ती भोकं चिखलाने बुजली की दार आतून कुजतं. दाराच्या आतल्या सजावटीमागे कारखान्यातून एक जलरोधक कागद चिकटवलेला असतो, पाणी आत न येता खाली वळावं म्हणून. स्पीकर बसवणारे तो फाडून टाकतात. मग गालिचा ओला होतो, आणि लोक दाराची तीन-तीन रबरं बदलून थकतात. डिकीत पाणी येत असेल तर मागच्या काचेभोवतीची खोबण बघा. चकचकीत पट्टीखाली तिथे गंजून भोकं पडलेली असतात आणि शिव्या खातं डिकीचं रबर. फोर्ड मस्टँगच्या 1965 ते 1968च्या गाड्यांत पुढच्या माणसाच्या पायावर पाणी पडतं ते बहुधा काचेखालच्या हवेच्या खोक्यात गंज लागल्यामुळे. तिथे कुठलंही रबर घाला, उपयोग शून्य.

इंजिनाच्या सीलची गोष्ट निराळी, तिचा इथे धावता उल्लेख पुरे. दाराला ईपीडीएम लागतं, तर तेलाशी संबंध येतो तिथे ते चालतच नाही. तिथे नायट्राइल किंवा व्हायटॉन. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-8च्या क्रँकशाफ्टमागचं सील त्या काळी दोन तुकड्यांचं होतं. पॉन्टिअ‍ॅकने तिथे चक्क वळलेला दोर वापरला होता, आणि तो नीट ठोकून बसवणारा मिस्त्री आज दुर्मिळ झाला आहे.

आपल्याकडे मसल कार हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. पण अमेरिकन गाड्यांशी मुंबईचं नातं जुनं आहे. जनरल मोटर्स 1928पासून शिवडीला गाड्या जुळवत असे, आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ काढल्या. मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत त्या अजून दिसतात. त्यांना रबर लावताना गॅरेजवाले सहसा फुटावर मिळणारी बीडिंग कापून कोपऱ्यात जोडतात. सरळ भागात ते चालून जातं. कोपऱ्यात, घडवलेलं टोक नसल्यामुळे, पहिल्याच जूनमध्ये गाडी गळते. पत्राकामावर लाखभर घालणाऱ्याने निदान कोपऱ्याची रबरं अमेरिकेतून मागवावीत. वजनाला हलकी असतात, आणि ओळखीचं कुणी येणार असेल तर बॅगेत सहज मावतात.

आणि एक विनंती. गाडी उघडताना निघालेलं जुनं, तडकलेलं, गोंदाने बरबटलेलं रबर कचऱ्यात टाकू नका. प्रत्येक तुकड्याला डावं-उजवं, पुढचं-मागचं अशी चिठ्ठी लावा आणि नवं रबर एक अख्खा पावसाळा काढेपर्यंत खोक्यात ठेवा. कुठलं टोक कुठे वळत होतं, पिना कुठे होत्या, खाचा कुठल्या अंगाला होत्या, हे सांगायला दुसरा कुठलाही कागद तुमच्याकडे नसतो.